प्रबंधाचा विषय डेटासेटवरून ठरवू नका

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. अमळनेर तालुक्यातल्या महाविद्यालयात तुम्ही बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या मुलांना शिकवता. पीएच.डी.ची पेट (प्रवेश परीक्षा) झाली, कोर्सवर्क झालं, आता आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या समितीसमोर, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) ठेवायचा आहे. गाइड सर म्हणतात, ‘नेटवर्क सिक्युरिटी घ्या, नेटवर्कवरच्या हल्ल्यांच्या नोंदींचा केडीडी हा डेटासेट उतरवा, पाच-सहा अल्गोरिदम चालवा, ९९ टक्के अचूकता येतेच.’ तुमचे सहकारी म्हणतात, ‘त्यापेक्षा सॉफ्टवेअर क्वालिटी सोपी, नासाच्या प्रोग्रामांचा डेटा घ्या आणि डिफेक्ट प्रेडिक्शन (दोष कुठं असेल याचं भाकीत) करा.’ तुम्ही विचारता, यातलं कोणतं घेऊ? आणि लॅबमध्ये वीस जुने संगणक, दुपारी जाणारी वीज, अशा ठिकाणाहून खरं संशोधन होतं का?

होतं. पण या दोन्ही वाटांनी होत नाही. दोघांनीही विषय सांगितलेलाच नाही, फक्त फाइलचं नाव सांगितलंय.

मी वीसेक वर्षं नेटवर्कची राखण करण्याचं काम केलं, आधी पुण्यात, आता जळगावात राहून. आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस वाचायला माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये केडीडी असतो आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण मूल हुशार असतं, मेहनत खरी असते, फक्त पायाखालची जमीन खोटी असते.

ही जमीन कशी तयार झाली ते बघा. १९९८ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीनं डार्पा या तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेसाठी एक नेटवर्क उभं केलं. हवाई दलाच्या तळावर जसा वापर असेल तसा कृत्रिमपणे घडवला आणि त्यात हल्ले पेरले. त्यातून १९९९ च्या केडीडी कप स्पर्धेसाठी ४१ रकान्यांचा तक्ता बनला, प्रशिक्षणाच्या भागात सुमारे ४९ लाख नोंदी. या ४९ लाखांतल्या पाऊण हिश्शाहून जास्त नोंदी फक्त दोन हल्ल्यांच्या आहेत, स्मर्फ आणि नेपच्यून. स्मर्फ हल्ला ज्या सोयीवर चाले ती राउटरमध्ये मुळातच बंद ठेवावी, असं १९९९ मध्येच ठरलं. म्हणजे ज्या चोराची वाट आपण २०२० नंतर अडवायला निघालो, ती वाट पंचवीस वर्षांपूर्वीच बुजवून झाली होती.

पुढं २००९ मध्ये तवल्लाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रशिक्षणातल्या ७८ टक्के आणि परीक्षेतल्या ७५ टक्के नोंदी एकमेकींच्या हुबेहूब नकला आहेत. आता तुम्हीच शिक्षिका आहात. सरावाच्या वहीतले प्रश्न जसेच्या तसे पेपरात आले आणि वर्गाला ९९ टक्के पडले, तर तुम्ही वर्गाचं कौतुक कराल की पेपर काढणाऱ्याला विचाराल? दहा भागांत डेटा फोडून आलटूनपालटून तपासण्याची जी पद्धत सगळे वापरतात, तिच्यात नेमकं हेच होतं. नक्कल प्रशिक्षणातही जाते आणि परीक्षेतही.

त्याच लॅबच्या पुढच्या वर्षीच्या डेटात तर याहून विचित्र गोष्ट निघाली. नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर (माहितीच्या तुकड्यावर) ‘अजून किती टप्पे जगायचं’ असा एक आकडा असतो, टीटीएल. २००३ मध्ये महोनी आणि चॅन यांना दिसलं की १२६ आणि २५३ हे आकडे फक्त हल्ल्याच्या पॅकेटांवर आहेत. नेहमीच्या पॅकेटांवर बहुतेक १२७ आणि २५४. प्रयोगशाळेतली हल्ल्याची यंत्रं वेगळ्या जागी जोडलेली होती, एवढंच त्याचं कारण. त्यावर एखादं न्यूरल नेटवर्क शिकवलं तर ते हल्ला ओळखायला शिकत नाही, हल्लेखोर प्रयोगशाळेच्या कोणत्या कोपऱ्यात बसला होता हे ओळखायला शिकतं.

नवीन डेटासेट घेतला तर? तिथंही डोळे उघडे ठेवावे लागतात. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचा २०१७ चा डेटासेट सगळे वापरू लागले, आणि २०२१ मध्ये त्यातल्या नोंदी बांधण्यात आणि त्यांना नाव देण्यात चुका झाल्याचं इतरांनी दाखवून दिलं. कोणत्याही तक्त्यावर विसंबण्याआधी त्यामागची मूळ पॅकेटं उघडून, निदान दोनशे नोंदी हातानं वाचा. पॅकेटं उघडून दाखवणारं वायरशार्क फुकट आहे. चार दिवस जातील, पण त्या चार दिवसांत तुम्हाला जे कळेल ते गुणोत्तरांच्या कुठल्याही तक्त्यातून कळणार नाही.

आता ९९ टक्क्यांबद्दल, कारण या आकड्याची भुरळ सहज सुटत नाही. समजा तुमच्या महाविद्यालयाच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख जोडण्या होतात आणि त्यातल्या १०० खऱ्या हल्ल्याच्या आहेत. तुमची प्रणाली १०० पैकी ९९ हल्ले पकडते आणि निर्दोष जोडण्यांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून बोट ठेवते. ऐकायला झकास. पण निर्दोष जोडण्या ९,९९,९०० आहेत, त्यांचा १ टक्का म्हणजे ९,९९९ खोटे इशारे. दिवसाला १०,०९८ वेळा घंटा वाजणार आणि त्यातल्या ९९ खऱ्या. शंभरात एकही धड नाही. लॅब असिस्टंट दुसऱ्या दिवशी घंटेचा आवाज बंद करेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. खऱ्याखोट्याचं प्रमाण निम्मंनिम्मं आणायचं तरी चुकीचा दर ०.०१ टक्क्यावर यायला हवा. स्टेफान ॲक्सेलसन यांनी हे गणित १९९९ मध्येच मांडून ठेवलंय. २०१० मध्ये सोमर आणि पॅक्सन यांनी विचारलं होतं की या क्षेत्रात मशीन लर्निंगवर एवढे पेपर निघतात, मग प्रत्यक्ष राखणीत ते इतकं कमी का दिसतं. त्यांचा पेपर सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी वाचा. २०२२ मध्ये युझेनिक्सच्या संगणक सुरक्षेच्या परिषदेत आर्प आणि सहकाऱ्यांनी सर्वोत्तम व्यासपीठांवरचे, दहा वर्षांतले ३० पेपर तपासले, तेव्हा प्रत्येकात अशा किमान तीन चुका निघाल्या. म्हणजे ही खोट आपल्याच भागात आहे असं समजून खाली मान घालू नका. ती मोठ्यामोठ्यांच्या घरी आहे.

नासाच्या डेटाबद्दल थोडक्यात सांगतो. त्यात प्रोग्रामच्या एकेका भागाची मापं आहेत: ओळी किती, मॅककेब यांनी १९७६ मध्ये सांगितलेली गुंतागुंत (प्रोग्राममध्ये किती वाटा फुटतात) किती, हॉलस्टेड यांची चिन्हं आणि शब्द मोजून काढलेली मापं किती, आणि शेवटी ‘दोष आहे’ किंवा ‘नाही’. २०१३ मध्ये शेपर्ड आणि मंडळींनी दाखवलं की या डेटाच्या दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रतीच एकमेकींशी जुळत नाहीत, आणि आत पुनरावृत्ती आणि अशक्य नोंदी आहेत. त्याच शेपर्ड यांनी पुढच्या वर्षी असे अनेक अभ्यास एकत्र मांडले. निकालांत जो फरक पडतो त्यातला १.३ टक्का कोणता अल्गोरिदम वापरला यावरून पडतो आणि सुमारे ३१ टक्के कोणत्या गटानं संशोधन केलं यावरून, असं निघालं. त्यावर २०१६ मध्ये हरकतही आली, की ठराविक गट ठराविक डेटाच वापरतात, म्हणून हा फरक गटाचा नसून डेटाचा असू शकतो. दोघांपैकी कोणाचंही खरं माना, पण ‘सहा अल्गोरिदमची तुलना’ एवढ्यावर प्रबंध उभा करण्यात काय हशील आहे, ते त्या १.३ वरून दिसतं.

आणि मुळात हे दोन वेगळे विषय आहेत, हेच मला पटत नाही. का, ते सांगतो.

आपल्याकडच्या एका जिनिंग मिलमधून ऐन कापसाच्या हंगामात फोन आला. इंटरनेट इतकं मंद की पावत्या निघेनात, बाहेर गाड्यांची रांग. मालकांना वाटलं कोणी तरी मुद्दाम मागं लागलंय. मी जाऊन राउटरवरची रहदारी पाहिली. आवारातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) बाहेरच्या जगात हजारो पत्त्यांचं दार ठोठावत होता, टेलनेट या दुरून यंत्रात शिरायच्या जुन्या सोयीच्या २३ नंबरच्या पोर्टवर. कॅमेऱ्यांसारखी उपकरणं ताब्यात घेणाऱ्या मिराई या घातक प्रोग्रामच्या जातीचा संसर्ग. २०१६ मध्ये मूळ मिराई फक्त साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन जगभर पसरला होता, आणि त्याच्या जोरावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेत कितीतरी मोठ्या साइट अडखळल्या. मिलमधला डीव्हीआर बंद करून चालू केला की संसर्ग जाई, कारण तो फक्त मेमरीत राहतो, आणि काही मिनिटांत परत येई. मालकांच्या मुलानं पासवर्ड बदललेला होता. पण तो पडद्यावर दिसणाऱ्या पानाचा. आतल्या टेलनेटचा पासवर्ड कारखान्यातच कोरलेला, तो बदलायची सोयच दिलेली नाही. आम्ही डीव्हीआर वेगळ्या जाळ्यात टाकला, बाहेरची वाट बंद केली आणि गाड्या हलल्या.

आता सांगा, ही नेटवर्क सुरक्षेची गोष्ट की सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेची? हल्ला ओळखणारी कितीही हुशार प्रणाली बसवली असती तरी तिनं फक्त ‘हल्ला होतोय’ एवढंच सांगितलं असतं. दुखणं त्या पेटीच्या आत होतं, कोणी तरी न तपासता विकलेल्या प्रोग्राममध्ये.

हार्टब्लीड या गाजलेल्या चुकीचंही तसंच. बाजार समितीत कापसाची गाडी आली, शेतकरी म्हणाला ४० क्विंटल, आणि व्यापाऱ्यानं वजनकाट्यावर न चढवताच ४० क्विंटलचे पैसे मोजले, असं कधी झालंय? इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्राममध्ये नेमकं असंच झालं. समोरचा म्हणे, ‘हा शब्द मला परत पाठव, त्याची लांबी ६४ हजार.’ शब्द असे चार अक्षरांचा. प्रोग्राम सांगितलेली लांबी खरी मानून शेजारच्या मेमरीतलं जे असेल ते उचलून देई, पासवर्ड, खाजगी किल्ल्या, काहीही. काट्यावर चढवण्याची एक ओळ लिहायची राहिली होती. मार्च २०१२ पासून एप्रिल २०१४ पर्यंत ही चूक जगभरच्या सर्व्हरांवर तशीच राहिली.

ही चूक एकाच सुमारास दोघांना सापडली, गुगलच्या एका अभियंत्याला आणि फिनलंडमधल्या कोडेनोमिकॉन या लहान कंपनीला. ही कंपनी औलू विद्यापीठाच्या प्रोटोस नावाच्या प्रकल्पातून निघाली होती. औलू म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागातलं शहर, राजधानीपासून दूर. त्यांनी फक्त एकच गोष्ट चिकाटीनं केली: वेडेवाकडे, नियम मोडणारे संदेश पद्धतशीर तयार करायचे आणि प्रोग्राम कुठं कोलमडतो ते बघायचं. २००२ मध्ये नेटवर्कवरची उपकरणं सांभाळण्यासाठीच्या एसएनएमपी या संदेश-पद्धतीसाठी त्यांनी असा संच काढला, तेव्हा कितीतरी नामांकित कंपन्यांची उपकरणं त्यापुढं टिकली नाहीत.

या पद्धतीला फझिंग म्हणतात, आणि तिचा जन्म तर तुम्हाला आवडेल. १९८८ साली विस्कॉन्सिनमधले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसात घरून टेलिफोन लाइनवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. विजांमुळं लाइनवर खरखर होऊन मध्येच भलतीच अक्षरं घुसत, आणि युनिक्सचे रोजचे प्रोग्राम कोसळत. कोणी दुसरा असता तर वैतागून झोपला असता. त्यांनी विचारलं, नुसत्या चुकीच्या अक्षरांनी प्रोग्राम पडावेतच का? हा प्रश्न त्यांनी वर्गातल्या मुलांना प्रकल्प म्हणून दिला. १९९० मध्ये निकाल छापला: जे प्रोग्राम तपासले त्यातले चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतके पडले. महागडं काहीच लागलं नाही. खराब लाइन लागली. आणि खराब लाइन आपल्याकडं मुबलक आहे, ताई.

तर तुमच्यासाठी विषय. माझ्या मनात एक आहे, तो आधी सविस्तर सांगतो.

देवनागरी. ‘मुक्ताईनगर’ हा शब्द घ्या. तुम्ही-आम्ही सहा अक्षरं मोजतो. युनिकोडमध्ये ती १० चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन प्रमाणे ३० बाइट. ज्या प्रोग्रामरनं गावाच्या नावाला २० बाइटांची जागा ठेवली आणि तेवढ्यावर कापलं, त्याच्याकडं ‘मुक्ता’ आणि पुढं तुटक्या दोन बाइटांचा चौकोन उरतो. एका पतसंस्थेच्या पासबुकावर हा चौकोन मी स्वतः पाहिलाय. तुटके बाइट पुढं दुसऱ्या प्रोग्रामकडं जातात, तो ते कसे वाचेल याचा भरवसा नसतो, आणि हल्ल्यांना वाट मिळते ती अशाच बेभरवशाच्या जागी.

‘वऱ्हाड’ बघा. यातला ऱ् तीन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, र, नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच दिसतात. शोध घेतला की बऱ्याचदा एक सापडतो, बाकीचे सापडत नाहीत. एकाच नावाचे दोन खातेदार वेगवेगळे ठरू शकतात किंवा दोन वेगळे वापरकर्ते डोळ्यांना एकच दिसू शकतात. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका जोडाक्षरानं आयफोनवरची ॲप्स कोसळत होती. ॲपलला तातडीनं दुरुस्ती काढावी लागली. ती चूक परीक्षकांच्या हाताखालून निघून गेली, बहुधा तसं अक्षर त्यांनी कधी टाइप केलंच नसावं.

तुम्ही आणि तुमचे विद्यार्थी ते रोज टाइप करता. मराठी आणि अहिराणीतल्या जोडाक्षरांचे, तुटक्या बाइटांचे, न दिसणाऱ्या चिन्हांचे नमुने जमवा. त्यांना बीज (फझिंग जिथून सुरू होतं तो नमुना) म्हणून वापरून एएफएल किंवा त्याच्या नंतरच्या एखाद्या फझरनं खुल्या स्रोताचे प्रोग्राम तपासा: पीडीएफ वाचणारे, सीएसव्ही आयात करणारे, फॉन्ट जुळवणारे, डेटाबेसचे चालक. विचारायचा प्रश्न सरळ आहे. देवनागरी बीज दिल्यानं असे दोष सापडतात का, जे इंग्रजी बीजांनी तेवढ्याच वेळात सापडत नाहीत? हा प्रश्न मोजता येतो, चुकीचाही ठरू शकतो, आणि ‘नाही, फरक पडत नाही’ असं उत्तर आलं तरी ते उत्तर आहे. जुने संगणक चालतात. रात्रभर सोडून द्या. वीज गेली तर काम जिथं थांबलं तिथून पुढं नेता येतं, एवढी सोय त्या अवजारांत आहे. एक मात्र पाळा: प्रत्येक प्रयोग अनेकदा करा, कारण फझिंगमध्ये नशिबाचा भाग असतो. एकाच धावेवरून निष्कर्ष काढलेला प्रबंध परीक्षक पहिल्याच प्रश्नात पाडेल.

दोष सापडला की तो छापायची घाई नको. आधी तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कळवा आणि दुरुस्तीला वेळ द्या. ९० दिवसांचा रिवाज बऱ्यापैकी रुळलाय. उत्तर आलं नाही तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळवा.

दुसरा विषय हनीपॉटचा, म्हणजे हल्लेखोरासाठी मुद्दाम मांडलेल्या सापळ्याचा. काउरी नावाचं फुकट साधन टेलनेट आणि एसएसएच (दुरून शिरायची कुलूपबंद सोय) यांचं खोटं दार उभं करतं आणि येणाऱ्यानं काय केलं ते लिहून ठेवतं. इथं एक अडचण येते जी पुस्तकात नसते: आपल्याकडच्या बहुतेक ब्रॉडबँडवर तुम्हाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळत नाही, एकच पत्ता शेकडो घरांत वाटलेला असतो, त्यामुळं बाहेरून कोणी तुमच्या दारापर्यंत येतच नाही. महिनाभर लॉग कोरा राहिला की विद्यार्थी हिरमुसतात. स्थिर पत्ता विकत घ्या किंवा महिना ५०० रुपयांच्या आसपासचा भाड्याचा सर्व्हर घ्या. आणि तो महाविद्यालयाच्या खऱ्या नेटवर्कला कधीही जोडू नका.

तिसरा, खुल्या स्रोताच्या प्रकल्पांचा गिट इतिहास (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) वाचून सुरक्षेच्या चुका कोणत्या बदलातून शिरल्या ते शोधणं. चांगला विषय आहे, पण त्याला सी भाषेचा कोड वर्षभर वाचायची तयारी लागते. तुमची असेल तर विचार करा.

एक गोष्ट कडक शब्दांत. गावातल्या पतसंस्था, दवाखाने, दुकानं यांचे कॅमेरे किंवा राउटर परवानगीशिवाय तपासायला जाऊ नका, ‘संशोधनासाठी’ म्हणूनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ आणि ६६ कलम हेतू चांगला होता की नाही हे तुमच्या सोयीनं ठरवत नाही. विद्यार्थ्यांची रहदारी साठवायची असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी, मुलांची संमती, आणि काय साठवणार नाही याची यादी आधी लिहून ठेवा. असं एक काम शेवटच्या टप्प्यावर फेकून द्यावं लागलेलं मी पाहिलंय. त्या मुलीची दोन वर्षं गेली.

‘इथून होतं का’ या शंकेबद्दल मी फार बोलणार नाही. तुम्ही ज्या अमळनेरात बसून हा प्रश्न विचारता, तिथं १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, आणि देशभरातले अभ्यासक आगगाडीनं तिथं येऊन राहिले. त्यांना ग्रंथालय बांधावं लागलं. तुम्हाला युझेनिक्सचे सगळे पेपर फोनवर फुकट मिळतात.

राहता राहिले गाइड सर. त्यांना दुखवू नका, आणि केडीडी टाकूनही देऊ नका. पहिलं प्रकरण त्यावरच लिहा. त्यांनी सांगितलेले पाच-सहा अल्गोरिदम चालवा, ९९ टक्के काढा. मग नकला काढून टाका, परत चालवा. मग प्रशिक्षणात अजिबात नसलेले हल्ले परीक्षेत ठेवा, परत चालवा. मग दिवसाला १० लाख जोडण्यांचं वरचं गणित लावा. तीनही वेळचे आकडे एका पानावर मांडून सरांच्या टेबलावर ठेवा आणि काही न बोलता त्यांना वाचू द्या. हे काम तीन आठवड्यांचं आहे, म्हणजे आरआरसीच्या आधी होईल. ते पान तयार झालं की मला पाठवा. आकडे मी पडताळून देतो आणि सिनॉप्सिसचं शीर्षक त्यानंतर ठरवू.